खिशातली लालपरी

१ जानेवारी २०२५ला गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर पहिल्यांदा एसटी धावली. महाराष्ट्रातली पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली ती १ जून १९४८ला. तिथून छत्तीसगडच्या सीमेलगतच्या या गावांपर्यंत पोचायला लालपरीला साडेशहात्तर वर्षं लागली. मुख्यमंत्री स्वतः त्या गाडीत बसले, पेपरांत फोटो छापून आले. काही दिवसांनी आमच्या गेमर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरमोरीकडच्या, बारावीत शिकणाऱ्या एका पोराने एक फाइल टाकली. फाइल उघडली तर आत बस. लाल रंग, कपाळावर ‘अहेरी – वांगेतुरी’ची पाटी, एमएच ४०ने सुरू होणारा नंबर. ग्रुपवरच्या पोट्ट्यांनी रात्रीतून ती आपापल्या फोनमध्ये घेतली आणि सकाळपर्यंत जावा बेटाच्या रस्त्यांवर अहेरीच्या गाड्या पळायला लागल्या.

जावा बेट अशासाठी, की हा गेम इंडोनेशियाचा आहे. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ मालेओ नावाच्या तिथल्या कंपनीने २०१७मध्ये आणला. पोरं त्याला ‘बसिड’ म्हणतात. फुकट मिळतो, अधूनमधून जाहिराती दाखवतो, साध्या फोनवर चालतो आणि एकट्याने खेळायला नेट लागत नाही. आपल्याकडे तो इतका का रुजला, याचं एक कारण मला वाहतुकीच्या नियमात दिसतं. इंडोनेशियात वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये जर्मनीच्या रस्त्यावर एसटी उतरवली की ती उलट्या बाजूने चालल्यासारखी वाटते, ओव्हरटेक करताना हात चुकतो. जावात ती घरच्यासारखी चालते. शिवाय कंपनीने बसचं रंगकाम खेळणाऱ्यांच्या हातात दिलं, आणि पुढे अख्खी गाडीच बाहेरून आणून घालायची सोय केली. गेममध्ये बाहेरून घातलेल्या अशा बदलाला मॉड म्हणतात आणि नुसत्या रंगकामाला स्किन.

स्किन म्हणजे बसची सोलून सपाट अंथरलेली साल. दोन्ही बाजू, छत, पुढचा आणि मागचा पत्रा, सगळं एकाच चौकोनी चित्रात उलगडून ठेवलेलं असतं. आरमोरीच्या त्या मुलाकडे कॉम्प्युटर नाही. तो हे काम फोनवर, पिक्सेललॅब ॲपमध्ये, बोटाने करतो. मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं. ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ ही अक्षरं त्याने आधी बसवली, मग चित्र मोठं करून ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ खिडकीच्या वर नेमक्या जागी आणलं. ते एक बोटभर खाली गेलं तर गेममध्ये अक्षरं काचेवर चढतात. हिंगण्याच्या कार्यशाळेत बांधलेल्या गाड्यांवर एमएच ४० असतं, दापोडीच्या गाड्यांवर एमएच १४, हे त्याला पाठ आहे. अहेरीच्या गाडीवर दापोडीचा नंबर टाकणाऱ्या एका मॉडवर त्याने मला चांगली पाच मिनिटं बोलून दाखवलं. दाराशी चिखलाचे शिंतोडेही त्याने रंगवले होते. ‘‘भाऊ, पावसाळ्यात आमच्याकडं येते ते गाडी अशीच दिसते,’’ म्हणाला.

मी चंद्रपुरात टीव्ही गेमच्या कॅसेटांवर वाढलो, मग तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कॉम्प्युटरवर, मग स्वतःच्या. इतक्या वर्षांत पुष्कळ महागडे गेम खेळलो. माझ्या मुलखातलं काही गेममध्ये दिसलं ते मात्र या पोरांच्या मॉडमध्येच. म्हणून मॉड म्हणजे रिकामटेकडा उद्योग, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्यांना मी एक वंशावळ सांगतो. २०१२मध्ये डीन हॉल या न्यूझीलंडच्या माणसाने ‘आर्मा २’ या लष्करी गेमवर ‘डेझी’ नावाचा मॉड केला. ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयर्लंडच्या माणसाने २०१३मध्ये त्या मॉडवर आणखी एक मॉड चढवला: सगळ्यांनी एका मुलखात उतरायचं आणि शेवटी एकाने उरायचं. त्यातूनच २०१७मध्ये पबजी झाला, २०१८मध्ये तो मोबाइलवर आला. ‘काउंटर-स्ट्राइक’ही १९९९मध्ये ‘हाफ-लाइफ’चा मॉड म्हणूनच जन्मला. आज सिरोंचापासून चिमूरपर्यंत पानठेल्याच्या बाकावर मान खाली घालून बसलेली पोरं जे खेळतात, त्याचं मूळ कुणीतरी परवानगीची वाट न पाहता, घरी बसून केलेल्या फेरफारात आहे.

आता आवाजाकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, खेळणाऱ्या पोराचा फोन मागून घ्या आणि सेटिंग उघडा. संगीत बंद असतं. टॉम साल्टाने पबजीसाठी रचलेली ती भव्य धून लॉबीत दोन दिवस ऐकली जाते आणि मग कायमची बंद होते, कारण जिंकायचं असेल तर पावलं ऐकू यावी लागतात. इअरफोनच्या डाव्या कानात गवतावरचा आवाज, उजव्या कानात लाकडी जिन्यावरचा. त्यावरून शत्रू किती लांब, वर की खाली, हे ओळखायचं. आमच्या भागातली पोरं यात तरबेज आहेत आणि मला त्याचं नवल वाटत नाही. ताडोब्याचे गाइड वाघ डोळ्यांनी शोधत नाहीत. चितळाचा कॉल कुठून आला, वानर झाडावरून एकदाच ओरडलं की ओरडतच राहिलं, यावरून जिप्सी कुठे वळवायची ते ठरतं. मोहाफुलं वेचायला पहाटे जाणारी माणसं अस्वलाची चाहूल कानानेच घेतात. कान जागा ठेवून चालणं इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

पण त्यामुळे गेमचं संगीत नावाची गोष्टच एका पिढीच्या हातून निसटते आहे, आणि ते मला सलतं. आमचा कान त्या टीव्ही गेमवर तयार झाला. निन्टेन्डोच्या त्या जुन्या यंत्रात आणि त्याच्या बाजारभर विकल्या गेलेल्या नकलांत आवाजाच्या चिपला एकूण पाचच वाटा होत्या: दोन सुरावटीसाठी, एक खर्जासाठी, एक नुसत्या खरखरीची, तिच्यातून तालाचा भास करायचा, आणि पाचवी छोट्या मुद्रित आवाजाची. एवढ्या तुटपुंज्या सामानात कोजी कोंडोने ‘सुपर मारिओ’ची धून १९८५मध्ये बांधली. २०२३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला. २०२५मध्ये ‘माइनक्राफ्ट’चं संगीत त्या यादीत गेलं. डॅनियल रोझेनफेल्डचं ते संगीत सतत वाजतसुद्धा नाही. बराच वेळ शांतता असते, मग कुठून तरी पियानोचे चार सूर येतात आणि विरतात. मला विचाराल तर गेमच्या संगीताची कसोटी तीच: ते खेळणाऱ्याला मोकळं सोडतं का?

गेमच्या संगीताचं आणखी एक वैशिष्ट्य आहे, जे सिनेमाच्या संगीतात असूच शकत नाही. सिनेमात पुढे काय होणार ते संगीतकाराला माहीत असतं. गेममध्ये नायक दारात तासभर उभा राहील की पळत आत जाईल, हे खेळणाऱ्याच्या हातात असतं. १९९१मध्ये लुकासआर्ट्समधल्या मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी यावर ‘आयम्यूज’ नावाची यंत्रणा काढली. ‘मंकी आयलंड २’मध्ये खेळणारा एका जागेतून दुसरीकडे गेला की धून तुटत नाही, तालावरच वळण घेऊन नव्या धुनेत शिरते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झाडीपट्टीचं नाटक आठवलं. भाऊबीज झाली की वडशाच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात आणि मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. तिथलं संगीत जिवंत असतं. रंगमंचालगत बसलेल्या ऑर्गनवाल्याची नजर नटावर असते. नटाने शिट्ट्यांसाठी वाक्य लांबवलं तर ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो, नट अडखळला तर तबलेवाला मधली जागा भरून काढतो, ‘वन्स मोअर’ आला तर सगळे एका मात्रेत मागे फिरतात. लुकासआर्ट्सने प्रोग्राम लिहून जे साधलं ते इथली माणसं दर हंगामात हाताने करत आली आहेत. खेळणाऱ्याच्या मागे संगीताने कसं चालायचं, हे वडशाच्या कुठल्याही जुन्या ऑर्गनवाल्याकडून शिकता येईल. पुण्या-मुंबईत गेम बनवणाऱ्यांनी या हंगामात एक रात्र इथे काढावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पुण्याचं नाव घेतलं तर ‘राजी’चं घ्यायलाच हवं. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूने बनवलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२०मध्ये आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने केलं आणि चांगलं केलं. बाहेरच्या माणसाने आपले सूर वापरले याची मला तक्रार नाही. मला हवा आहे तो पुढचा टप्पा: माडियांच्या रेला नाचाचा पायठेका, दंडारीतला ढोल, हे एखाद्या गेमच्या पोटात असावं. पण रेला एका माणसाचा नसतो, गावाचा असतो. तो मुद्रित करून गेममध्ये घालायचा तर गावाला विचारून घालावा लागेल आणि त्यातून पैसा आला तर गावाचा वाटा काढावा लागेल.

पैशाचं बोलायचं तर आधी दुकानातला भाव. प्लेस्टेशन ५ भारतात आलं तेव्हा सोनीच्या मोठ्या गेमची किंमत होती ४,९९९ रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६साठी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका गेमसाठी सोळा दिवस माती उपसायची, आणि यंत्राचे पैसे वेगळे. अमेरिकेत सत्तर डॉलर मागतात म्हणून त्याच्याशी मिळता आकडा इथे लावायचा, याला मी भाव म्हणत नाही. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात २०१५पासून रुपयांत किमती दिसतात आणि काही छोट्या कंपन्या इथल्या खिशाकडे पाहून किंमत लावतातही. पण मोठ्या कंपन्यांना कोरची-भामरागडचा खेळणारा दिसत नाही. तो खेळणारा मग काय करतो? फुकटचा गेम घेतो.

फुकटच्या गेमची किंमत दुसरीकडून वसूल होते. गेममधलं चलन विकत घ्यायचं, बीजीएमआयमध्ये यूसी, फ्री फायरमध्ये डायमंड, आणि त्यातून बंदुकीचा रंग किंवा अंगावरचा कोट. तो कोट कंपनीच्या सर्व्हरवर असतो, तुमच्याकडे नसतो. २ सप्टेंबर २०२०ला पबजीवर बंदी आली. जुलै २०२१मध्ये बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ला तोही दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३मध्ये परतला. फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायरवर बंदी आली. या येरझाऱ्यांत तेंदूपानाच्या हंगामात कमावलेले पैसे बंदुकीच्या रंगात घातलेली पोरं मी पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, ते उत्तमच झालं. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना वेगळं मानलं आहे, हे गावातल्या आईबापांना कुणी समजावून सांगत नाही. त्यांच्या लेखी रमी आणि बसिड दोन्ही एकच व्यसन.

फोनच्या मेमरीचीही किंमत असते. बत्तीस जीबीच्या फोनमध्ये मोठा गेम आला की लग्नाचे फोटो तरी काढून टाकावे लागतात नाहीतर शाळेचे व्हिडिओ. टॉवर बंद पडला की ऑनलाइन गेम मेला. बसिड चालतो. २९ जून २०२०ला शेअरइट आणि झेंडर या फाइली पाठवायच्या ॲपवर बंदी आली तेव्हा मॉडच्या फाइली फिरायच्या बंद होतील असं वाटलं होतं. पोरांनी पुन्हा ब्लूटूथ काढलं. एका गावात फाइल यायला आठवडी बाजार लागतो. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलेला फोन परत येतो तेव्हा त्यात दोन नव्या गाड्या असतात.

ज्याने गाडी बनवली त्याला काय मिळतं, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘काही नाही’ असं असतं. काही जण मॉडच्या फाइलला कुलूप लावतात आणि पासवर्ड यूट्यूबच्या व्हिडिओत मध्येच कुठेतरी सांगतात, म्हणजे लोक व्हिडिओ पाहतील. काही जण पन्नास-शंभर रुपये मागतात. तिसऱ्याच दिवशी कुणीतरी कुलूप काढून, नाव बदलून तीच गाडी स्वतःची म्हणून टाकतो. मॉड करणाऱ्यांनीही कुणाचं तरी मॉडेल न विचारता उचललेलं असतं, हेही खरं आहे. एसटीचं बोधचिन्ह महामंडळाचं आहे आणि त्यासाठी कुणी अर्ज केलेला नाही.

पैसे देऊन मॉड, हा प्रयोग जगाने एकदा करून पाहिला आहे. एप्रिल २०१५मध्ये स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह आणि ‘स्कायरिम’ हा गेम काढणारी बेथेस्डा यांनी त्या गेमचे मॉड स्टीमवर विकायला परवानगी दिली. शंभर रुपये आले तर मॉड करणाऱ्याला पंचवीस, बाकीचे पंचाहत्तर दोन्ही कंपन्यांचे. खेळणारे इतके भडकले की चार दिवसांत योजना गुंडाळली. तेव्हा बहुतेकांचा राग ‘फुकट होतं ते विकत का’ यावर होता. माझा राग त्या पंचविसावर आहे. २०२०मध्ये ब्लिझार्डने ‘वॉरक्राफ्ट ३’च्या नव्या आवृत्तीच्या अटींत तर लिहूनच टाकलं की खेळणाऱ्यांनी बनवलेले नकाशे कंपनीचे. ‘डोटा’ हा त्याच गेमवरचा मॉड हातातून निसटून जगभर गाजला, त्याची सल त्या अटीत आहे.

गडचिरोली जिल्ह्याला हा हिशेब नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल गावाचं झालं, पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा पास वनखात्याकडे. पास नाही तर गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही तर हक्क कागदावर. २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पास ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर बांबू कुणाला आणि काय भावाने द्यायचा हे ग्रामसभेने ठरवायला सुरुवात केली. बांबू तोच होता, तोडणारे हातही तेच होते. बदललं ते भाव कोण बोलणार एवढंच. मॉडच्या बाबतीत तो पास आजही कंपन्यांच्या खिशात आहे.

कंपन्यांनी सगळं फुकट वाटावं असं मी म्हणत नाही. गेम बनवणाऱ्याचं पोट त्यावर असतं. माझं मागणं साधं आहे. मॉड विकायचा की फुकट द्यायचा ते करणाऱ्याने ठरवावं. विकला तर अर्ध्याहून जास्त त्याचं असावं. त्याचं नाव फाइलवर असं असावं की पुसता येणार नाही. आणि एसटी महामंडळाने आपल्या गाड्यांचे रंग, अक्षरं आणि आवाज पोरांसाठी अधिकृतपणे मोकळे करावेत. जाहिरातीवर खर्च न करता लालपरी लाखभर फोनमध्ये पोचेल.

आवाज मी मुद्दाम म्हणतो. आरमोरीच्या मुलाची गाडी दिसायला अस्सल आहे, पण सुरू केली की आत इंडोनेशियाचं इंजिन घुरघुरतं. आवाज बदलायचा तर गेमच्या आतल्या फायलींना हात घालावा लागतो आणि प्रत्येक अपडेटनंतर ते काम नव्याने करावं लागतं. त्याने एकदा खिडकीशी बसून फोनवर इंजिन रेकॉर्ड केलं होतं. त्यात काचांचा खडखडाट आला, मागच्या सीटवरच्या बाईचं बोलणं आलं, इंजिन मात्र दबलं. ‘‘आवाजच नाही जमून रायला, भाऊ,’’ असं तो सारखं म्हणत होता. मी त्याला सांगितलं, खडखडाट राहू दे, तीच तर आपली एसटी. त्याला पटलं नाही. त्याला इंजिन वेगळं हवं होतं, खडखडाट वेगळा, आणि कंडक्टरची घंटी त्याहून वेगळी: एक टोला दिला की थांबायचं, दोन दिले की निघायचं, आणि हे बटण खेळणाऱ्याच्या अंगठ्याखाली. दिवाळीच्या सुट्टीत तो डेपोत जाऊन, उभ्या गाडीत, ड्रायव्हरकाकांना विनंती करून पुन्हा रेकॉर्ड करणार आहे. गाडी त्याने फुकट दिली होती. आवाजाचे वीस रुपये घ्यावेत का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, चाळीस घे.